परत जाणाऱ्या बाईसाठी हे दार किती उघडं? १८१, सखी केंद्र आणि संरक्षण अधिकारी यांचं खान्देशापुरतं परीक्षण

सेवा: १८१ महिला हेल्पलाइन, सखी वन स्टॉप सेंटर, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी
भाग: जळगाव, धुळे, नंदुरबार; सुरतेला दिलेल्या लेकीही धरून
शुल्क: काही नाही

सरकारी सेवेचं परीक्षण म्हटलं की फोन लागतो का, खोली स्वच्छ आहे का, जेवण बरं आहे का, एवढं पाहून गुण दिले जातात. घरच्या मारातून सोडवायला जी सेवा उभी केली आहे तिला हे माप पुरत नाही. बाई पहिल्यांदा येते तेव्हा सगळेच धावतात. ती चार दिवस राहते, तक्रार मागं घेते, ज्यानं मारलं त्याच्याच मोटारसायकलवर मागं बसून निघून जाते आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दारात उभी राहते. त्या दुसऱ्या खेपेला समोरच्या ताईंच्या कपाळावर आठी येते की नाही, यावर आम्ही या सेवेला गुण देतो. बाकी सगळं त्याच्या मागून.

ती परत का जाते हे ज्याला कळलं नाही, त्याच्या हातात ही सेवा कुचकामी ठरते. म्हणून आधी तेवढं.

२३ ऑगस्ट १९७३ रोजी स्टॉकहोममधल्या नोर्मालमस्तोर्ग चौकातल्या क्रेडिटबँकेत यान-एरिक ओल्सन नावाचा दरोडेखोर शिरला. त्यानं ४ कर्मचाऱ्यांना ओलीस धरलं आणि तुरुंगात असलेल्या क्लार्क ओलोफसनला तिथं आणवून घेतलं. २८ ऑगस्टला पोलिसांनी अश्रुधूर सोडेपर्यंत ही मंडळी बँकेच्या तिजोरीच्या खोलीत अडकून होती. ओलिसांपैकी क्रिस्टिन एन्मार्क हिनं आतून थेट पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याशी फोनवर बोलून ‘आम्हाला या दोघांबरोबर बाहेर जाऊ द्या’ अशी विनवणी केली. तिला दरोडेखोरांपेक्षा पोलिसांची भीती जास्त वाटत होती. बंद खोली, आत बंदूकवाले, बाहेर बंदूकवाले. आतल्यांची मर्जी राखणं हाच जगण्याचा मार्ग उरतो, हे तिचं गणित बिनचूक होतं. पोलिसांचे सल्लागार असलेले मनोविकारतज्ज्ञ निल्स बेयेरोट यांनी मात्र या वागण्याला विकाराचं नाव दिलं, आणि तेही तिच्याशी न बोलता. तेच पुढं ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ म्हणून जगभर गेलं. डीएसएम-५ किंवा आयसीडी-११ या आजारांच्या दोन्ही अधिकृत याद्यांत तो आजार म्हणून कुठंही नाही.

हा इतिहास खान्देशातल्या केंद्राच्या परीक्षणात घेण्याचं कारण सरळ आहे. बाईशी धड न बोलता ‘हिला काही कळतच नाही’ असं जी समुपदेशक ठरवते, ती बेयेरोटचीच चूक रोज नव्यानं करते.

त्यानंतरची दोन कामं जास्त उपयोगाची आहेत. १९८१ साली डोनाल्ड डटन आणि सुसान पेंटर यांनी मारणाऱ्या नवऱ्याशी जडणाऱ्या या बंधाच्या दोन अटी सांगितल्या: दोघांत ताकदीचं मोठं अंतर, आणि वाईट वागण्यात मधूनमधून येणारं चांगलं वागणं. यातली दुसरी अट नीट समजून घ्यावी. रोज मारणाऱ्याला सोडणं त्यामानानं सोपं असतं. जो मारल्यावर दुसऱ्या दिवशी बाजारातून जिलेबी आणतो, लेकराला खांद्यावर घेऊन गावातून फिरवतो, ‘तुझ्याशिवाय मला कोण आहे’ म्हणतो, त्याला सोडता येत नाही. आकडा लावणाऱ्याला रोज लागत नाही, कधीतरी लागतो, म्हणून तर तो रोज लावतो. आणि दुबार पेरणी करणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला आपण मूर्ख म्हणत नाही. एक सर पडली, त्यानं पुन्हा बियाणं टाकलं. परत जाणारी बाई तेच करते.

दुसरं काम २०२३ सालचं. १९९१ मध्ये ११ वर्षांची असताना पळवली गेलेली आणि १८ वर्षं कैदेत राहिलेली जेसी डुगार्ड स्वतः त्याची सहलेखिका आहे. स्टॉकहोम सिंड्रोम हा शब्द टाकून द्या, याला ‘मर्जी राखणं’ म्हणा, असं त्या लेखाचं म्हणणं आहे. समोरच्याचा आवाज, नजर, पावलं ओळखून त्याला शांत करणं हे जगण्याचं कसब आहे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडं दारूवाल्याच्या घरातल्या सुनेला हे कसब शिकवावं लागत नाही. फटफटी अंगणात कशी लावली यावरून आज काय होणार ते तिला कळतं.

आता सेवेकडं.

१८१ ही चोवीस तास चालणारी मोफत हेल्पलाइन. फोन लावणारीनं फक्त तीन गोष्टी सांगितल्या तरी पुरतं: आत्ता सुरक्षित आहेस का, कुठं आहेस, परत फोन केला तर चालेल का. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फोन घरातल्या सगळ्यांचा असतो, रिचार्ज त्याच्या हातात असतो, कॉलची यादी तो रात्री पाहतो. केंद्राकडून ‘आता कशी आहेस ताई’ म्हणून आलेला भल्या मनाचा फोन मार पडायला पुरेसा होतो. म्हणून फोन घेणाऱ्यांनी पहिल्याच मिनिटात ‘परत करू का, कधी करू, दुसऱ्यानं उचलला तर काय सांगू’ हे विचारून लिहून ठेवलं पाहिजे. तिनं कॉल पुसावा किंवा अंगणवाडीताई, आशाताई, किराणा दुकान यांच्या फोनवरून करावा. मार चालू असेल तर १८१ नको, थेट ११२.

सुरतेचं वेगळं आहे. नवापूर, शहादा, शिरपूर, अमळनेरकडच्या कितीतरी मुली उधना-लिंबायतकडं दिलेल्या. तिथून १८१ लावला की गुजरातच्या ‘अभयम’ला लागतो. ती सेवा २०१५ पासून राज्यभर आहे आणि समुपदेशक बसलेली गाडी घटनेच्या जागी पाठवते. गाडीच्या बाबतीत ती सेवा आम्हाला उजवी वाटते. पण पुढची कारवाई सुरतेतच करावी लागते, हा समज चुकीचा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणं बाई जिथं तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडंही अर्ज चालतो. ती माहेरी शहाद्याला आली असेल तर शहाद्याला. छळाच्या फौजदारी गुन्ह्याबद्दलही सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात हेच सांगितलं: घर सोडून जिथं आसरा घेतला तिथं तक्रार चालते. ‘घटना सुरतची आहे, तिकडं जा’ असं ठाण्यात कुणी सांगितलं तर ही दोन वाक्यं पाठ असावीत.

सखी केंद्राची योजना १ एप्रिल २०१५ पासूनची, निर्भया निधीतून. एकाच छताखाली तात्पुरता निवारा, दवाखान्याची सोय, पोलिसांची मदत, वकील, समुपदेशन. कल्पना उत्तम. जिच्याजवळ एसटीच्या तिकिटापुरतेच पैसे आहेत तिला पाच कार्यालयं फिरवायची नाहीत, एवढ्यासाठीच हे केंद्र हवं.

खरी अडचण निवाऱ्याच्या दिवसांची. मुक्काम जास्तीत जास्त ५ दिवस. पुढं लागलं तर शक्ती सदनात, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीच्या जास्त मुदतीच्या सरकारी निवाऱ्यात, पाठवायचं. अपघातातल्या जखमीसाठी ५ दिवस ठीक. या बंधासाठी ते सगळ्यात वाईट माप आहे. पहिले दोन दिवस ती झोपते. इतकं झोपते की नवी कर्मचारी घाबरते. तिसऱ्या दिवशी अंगावरच्या जखमा निळ्याच्या पिवळ्या होऊ लागतात आणि घरची आठवण सुरू होते: म्हशीला पाणी कुणी पाजलं असेल, लेकीची शाळा, त्यानं जेवण केलं असेल का. चौथ्या दिवशी तिला मार आठवत नाही, जिलेबी आठवते. आणि नेमक्या त्याच दिवशी केंद्र विचारतं, ‘मग ताई, काय ठरवलं?’ ओढ सगळ्यात जास्त असते त्या दिवशी निर्णय मागायचा, आणि तिनं घर निवडलं की ‘स्वेच्छेने परत गेली’ असं लिहून फाइल बंद करायची. निवाऱ्याच्या या मांडणीला आमचे पाचपैकी दोनच गुण.

यावर उपाय केंद्राच्या हातात आहे, त्याला वेगळा निधी लागत नाही. निर्णयाचा विषय पहिल्या दिवशीच काढून टाकायचा: ‘पाचव्या दिवशी काहीही ठरलं तरी आपली ओळख राहणार.’ मग तिसऱ्या दिवशी ओढ लागणार हे तिला आधीच सांगून ठेवायचं, जसं दारू सोडणाऱ्याला सांगतात. ती लागली की ‘मी वेडी झाले का’ असं तिला वाटत नाही. शेवटच्या मार खाल्लेल्या दिवसाची हकीकत पहिल्याच दिवशी तिच्याच शब्दांत लिहून घ्यायची आणि चौथ्या दिवशी, तिला हवं असेल तरच, वाचून दाखवायची. घाबरवण्यासाठी मुळीच नाही. आठवण एका बाजूला कलंडलेली असते, तिला दुसरी बाजू देण्यापुरतं. शक्ती सदनाची चौकशीही दुसऱ्याच दिवशी सुरू करावी. पाचव्या दिवशी संध्याकाळी सुरू केली तर ती माहेरी नाहीतर सासरीच पोचते. बरोबर मोठा मुलगा असेल तर वयाची अट आहे, ती दारात पोचल्यावर कळण्याआधी फोनवर विचारून घ्यावी.

समुपदेशन हा या सेवेचा कणा, आणि इथंच ती सगळ्यात जास्त घसरते. चुकीचा प्रश्न म्हणजे ‘मग इतके दिवस राहिलीस का?’ हा प्रश्न कुठल्याही सुरात विचारला तरी आरोपच होतो. त्याच्या जागी विचारावं: ‘काय केलं की मार टळतो?’ पहिल्यांदा ती गप्प बसेल. मग बोलू लागते. तो यायच्या आधी लेकरं झोपवते. ताटात आधी त्याच्या आवडीचं वाढते. दारू पिऊन आला की कंदुरीच्या जेवणाचा, शेताचा, त्याच्या आईचा विषय काढत नाही. माहेरचा फोन आला तर स्पीकरवर ठेवते. या यादीला आम्ही सोनं म्हणू. यातून तिचं कसब तिलाच दिसतं, ‘मी बावळट’ हे मनातून थोडं हलतं, आणि समुपदेशकाला घराचा नकाशा मिळतो: मार कधी, कशावरून, कुणाच्या देखत, घरातलं कोण आड येतं, कोण नाही.

तिचे शब्द तसेच्या तसे लिहावेत. ‘तो तसा चांगला शे, दारू पेस तव्हयच मारस’ याचं ‘पती मद्यप्राशन करून मारहाण करतो’ असं पुस्तकी मराठी केलं की वाक्यातला बंध निघून जातो आणि पुढं वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘मन्हीच चूक शे’ हे वाक्य येतंच. त्यावर ‘नाही नाही, तुमची चूक नाही’ असं चटकन म्हणू नये. तिला ते खोटं वाटतं आणि तुम्ही त्याच्या विरुद्ध पार्टी होता. ‘चूक कोणती?’ एवढंच विचारावं. उत्तर बहुतेक वेळा भाजीत मीठ असं काही निघतं, आणि ते तिच्याच तोंडून बाहेर पडलेलं बरं. सातपुड्याच्या पट्ट्यातून, धडगाव, अक्कलकुवा, यावल-चोपड्याच्या वरच्या पाड्यांतून आलेल्या बाईसाठी भिली किंवा पावरी बोलणारी बाईमाणूस हवी. सोबत आलेला दीर दुभाषा झाला की समुपदेशन संपलं.

याच भागाबद्दल आणखी एक. भिल्ल-पावरांमध्ये लग्नात मुलाकडून मुलीच्या बापाला देज दिलं जातं, आणि बाई नांदायची सोडली की ते परत करण्याचा प्रश्न उभा राहतो. बापानं ते पैसे कधीच खर्च केलेले असतात. अशी बाई ‘मला परत जायचंय’ म्हणाली तर त्यात मनाचा बंध किती आणि देजाचा किती, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि ‘तुमच्या लग्नाची नोंद नाही, हिंदू विवाह कायदा तुम्हाला लागत नाही, म्हणून काही करता येणार नाही’ असं कुणी म्हणालं तर ते चूक. कौटुंबिक हिंसाचार कायद्याला विवाहासारखं नातं पुरतं.

आता एकत्र समुपदेशन. दोघांना एका टेबलाशी बसवून ‘दोन्ही बाजू’ ऐकायच्या, आणि शेवटी त्यानं ‘पुन्हा हात उचलणार नाही’ लिहून द्यायचं. याला पाचपैकी शून्य. ती उत्तर देण्याआधी त्याच्याकडं बघते, आणि ते बघणं टेबलाच्या पलीकडच्यांना ‘अजून प्रेम आहे’ असं दिसतं. नियम वेगळं सांगतात. २००६ च्या नियमावलीतल्या नियम १४ प्रमाणं समुपदेशनात मारहाणीचं समर्थन करण्याची मुभा मारणाऱ्याला नाही. ‘ती उलट बोलली म्हणून’ हे वाक्य तिथंच थांबवायला हवं. न्यायालयानं एकत्र बसवायला सांगितलंच, तर दोघांच्या येण्याच्या वेळा वेगळ्या, बसण्याच्या खोल्या वेगळ्या, आणि ती निघून एसटी पकडेपर्यंत त्याला चहापाण्यात किमान अर्धा तास थांबवून ठेवणं, एवढं तरी करावं. समाजाच्या बैठकीत समजुतीनं मिटवतात तेव्हा हेच घडतं, फक्त टेबलाऐवजी सतरंजी असते.

कागदांत मात्र ही व्यवस्था वाटते त्यापेक्षा कितीतरी शहाणी आहे. संरक्षण अधिकारी कोण हे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळतं. तो भरतो तो नमुना १, म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल, बोलण्यात डीआयआर. त्यात मारहाणीखेरीज लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक छळाचे वेगळे रकाने आहेत. घराबाहेर पडू न देणं, ठरावीक माणसांना भेटू न देणं, कामाला जाऊ न देणं, मजुरी काढून घेणं हे सगळं तिथं लिहिता येतं. माणूस ओलीस कसा बनतो ते याच रकान्यांत उतरतं. १९५७ साली अल्बर्ट बिडरमन यांनी कोरियन युद्धातल्या कैद्यांना कसं वाकवलं गेलं याची यादी केली: एकटं पाडणं, थकवणं, धमक्या, अधूनमधून सवलत, अपमान, क्षुल्लक हुकूम पाळायला लावणं. ती यादी आणि नमुना १ शेजारी ठेवले तर छाती धडधडते. म्हणून भरणाऱ्यानं फक्त ‘मारहाण’ या रकान्यात खूण करून फॉर्म उरकला तर त्याला परत बसवावं. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’, ‘कापूस वेचणीत’ असं लिहिलेलं चालतं, नाही लिहिण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

दोन गोष्टी तिला आधी सांगाव्यात. डीआयआर न्यायदंडाधिकाऱ्याकडं जातो आणि त्याची प्रत हद्दीतल्या पोलीस ठाण्यालाही जाते. लहान गावात ही बातमी घरी पोचायला वेळ लागत नाही. दुसरं, डीआयआर झाला म्हणजे खटला लागला असं नाही. न्यायदंडाधिकाऱ्याकडं दाद मागण्याचा कलम १२ चा अर्ज टाकायचा की नाही हे तिच्या इच्छेवर. ती परत गेली तरी डीआयआर कागदावर राहतो, आणि पुढच्या खेपेला हाच कागद सांगतो की हे पहिल्यांदा घडलेलं नाही.

नमुना ५ कुणाला फारसा माहीत नसतो. ही सुरक्षा योजना. झालेली हिंसा, तिला वाटणारी पुढची भीती, सुरक्षेसाठी काय करायचं, न्यायालयाकडं कोणता आदेश मागायचा, असे त्यात रकाने आहेत. संरक्षण अधिकाऱ्यानं तो तिच्याशी बोलून, धोका किती आहे हे जोखून भरायचा असतो. परत जाणारीसाठी सगळ्या कागदांत हा सर्वात मोलाचा, कारण घर सोडलंच पाहिजे अशी अट त्यात नाही.

धोका जोखताना एक प्रश्न चुकवू नये: ‘कधी गळा दाबला का?’ गळा दाबल्याचा वळ बाहेर दिसेलच असं नाही. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत रक्ताचे ठिपके, तेवढ्या वेळापुरती शुद्ध हरपणं किंवा कपड्यात लघवी होणं, यांतलं काहीही असेल तर तिला आधी सिव्हिलला न्यावं आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांत चालणारी दवाखान्यातली नोंद, करून घ्यावी, समुपदेशन नंतर. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधी गळा दाबला गेलेल्या बाईचा त्याच जोडीदाराकडून खून होण्याचा धोका सातपटीहून जास्त आढळला. दुसरी धोक्याची वेळ म्हणजे घर सोडल्यानंतरचे दिवस. ‘सोडलं, सुटली’ असं समजून इथंच लक्ष ढिलं पडतं.

कायद्याला आम्ही साडेचार देतो. या बंधातल्या बाईला काय हवं असतं? नवरा तुरुंगात जावा असं तिला वाटत नाही, फारकतही नको असते. मार थांबावा, एवढंच. २००५ चा हा कायदा नेमकं तेवढंच मागू देतो. कलम १८ चा संरक्षण आदेश म्हणजे ‘मारू नको, त्रास देऊ नको’. कलम १९ मध्ये राहण्याचा हक्क, २० मध्ये खर्च, २३ मध्ये तातडीचा अंतरिम आदेश, नवऱ्याचं म्हणणं न ऐकताही. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ऑक्टोबर २०२० च्या सतीश चंदर आहुजा निकालानंतर ‘हे तुझ्या नवऱ्याचं घर नाही’ एवढ्यावर तिला हाकलता येत नाही. आदेश मोडला तर तो गुन्हा: १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ती त्याच घरात, त्याच माणसाबरोबर, हातात आदेश घेऊन राहू शकते. हे तिला सांगणारं कुणी भेटलं तर ती चौथ्या दिवशी घाबरून पळून जात नाही. अर्धा गुण कापला तो वेळेसाठी: पहिली तारीख साधारण ३ दिवसांत, निकाल ६० दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, ‘प्रयत्न’ हा शब्द फार लवचीक आहे. वकील मोफत मिळतो, त्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत विचारावं किंवा १५१०० वर. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६.

माहेरच्यांसाठी थोडं. ‘आता गेलीस तर पुन्हा दारात येऊ नको’ हे वाक्य भाऊ रागानं बोलतो, पण त्याचा फायदा नवऱ्याला होतो. तिला एकटं पाडायचं काम तो वर्षानुवर्षं करत होता, ते भावानं एका वाक्यात पुरं केलं. ती जात असेल तर जाऊ द्यावं, लेकरांसाठी खाऊ द्यावा, आणि अक्षयतृतीयेला, दिवाळीला न्यायला यावं. आखाजीला माहेरी येणं ही आपल्याकडची रीतच आहे. या रीतीचा आधार घेतला तर नवऱ्याला नाही म्हणणं जड जातं, आणि बाई चार दिवस मोकळं बोलू शकते. तिच्यासमोर त्याला शिव्या देऊ नयेत. तिला त्याची बाजू घ्यावी लागते, आणि बाजू घेता घेता ती पक्की होत जाते.

दुसऱ्यांदा येणारीसाठी केंद्रानं पहिलं वाक्य ठरवून ठेवावं. ‘परत कशी काय आलीस’ नको. ‘आलीस माय, बरं झालं’ पुरे. मग जुना केस क्रमांक विचारावा आणि तीच फाइल पुढं चालवावी. नवी फाइल उघडली की मागचा सगळा मार पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागतो, आणि दुसऱ्या खेपेला ती निम्माच सांगते. हा क्रमांक पहिल्या निरोपाच्या वेळीच तिला द्यायचा असतो. पण कागदावर दिला तर तो सापडतो. रेशन कार्डाच्या झेरॉक्सवर मागच्या बाजूला हिशेबासारखा लिहावा, किंवा लेकीच्या वहीत गणिताच्या पानावर. आधार, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले यांच्या झेरॉक्स शेजारच्या भरवशाच्या बाईकडं, आणि एसटीपुरते पैसे मात्र तिच्या स्वतःजवळ, डाळीच्या डब्यात नको, तिथं सगळेच शोधतात.